मूळ डिस्क

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचा सासरी नांदायला! दोन बॅगा आणि माझा लाडका डबा, म्हणजे भंगारातल्या कॉम्प्युटरांचे सुटे भाग जोडून घरी बनवलेला सर्व्हर. फोटो, गाणी, सगळं एकाच जागी साठवायचं आणि घरातल्या कुठल्याही फोनवर बघायचं. बायकोचं म्हणणं, लोक लग्नात भांडी आणतात, तू भंगार आणलंस.

घरात बायको, तिची सात वर्षांची लेक आणि मावशी. मावशी म्हणजे बायकोच्या पहिल्या नवऱ्याची आई. तो जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या लग्नाचा आग्रह मावशींचाच. मला आईच म्हण म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी म्हणेन. आई एकच, आणि ती दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांचा चेहरा जरा पडला, पण पानात दुसऱ्यांदा वाढलं.

मंगळवार, ४ तारीख
चपलांच्या कपाटावरच्या राउटरपासून जिन्याखालच्या फडताळापर्यंत केबल ओढली. सर्व्हर पहिल्या झटक्यात घरच्या नेटवर्कवर दिसला! टीव्हीवर आईचे फोटो लावले. तिचं अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंगही ऐकलं: पोचलास की कळव रे. पुन्हा एकदा लावलं. तिचा आवाज तेवढाच उरलाय. सर्व्हरवर आलाच आहे म्हणून फोनवरचा पुसला, जागा झाली.

एक डिस्क बिघडली तर दुसरी हवी, म्हणजे एकीवर जे तेच दुसरीवर. मावशींनी मुलाची जुनी डिस्क काढून दिली. त्याचे फोटो आधी माझ्या डिस्कवर उतरवले, मग जोडी लावली. वरच्या डिस्कला केबल पुरेना, दोन्ही केबलींची अदलाबदल केली. स्क्रीननं विचारलं, मूळ कोणती, म्हणजे कुठलीवरून कॉपी करायची? पहिली, म्हणून ठोकून दिलं. नऊ दिवस लागणार म्हणे. लागू देत.

गुरुवार, ६ तारीख
२१ टक्के. चव न घेताच आमटीत मीठ घातलं. तोही अस्संच करायचा म्हणून मावशी खूप हसल्या. मीही हसलो.

दुपारी आईचं रेकॉर्डिंग लावायला गेलो. फोल्डरमध्ये नाही. त्या जागी एक पुरुष न्हाणीघरात गातोय. डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. केबल बदलल्या होत्या. पहिली म्हणजे मावशींच्या मुलाची. मूळ तो. माझ्यावर त्याची कॉपी चाललीय.

थांबवायला गेलो तर स्क्रीनवर इशारा: मध्येच थांबवल्यास दोन्ही डिस्क कोऱ्या होतील. मागे मावशी उभ्या होत्या. पुन्हा एकदा नको रे घालवूस त्याला, म्हणाल्या. मी झाकण लावलं. का लावलं?

शनिवार, ८ तारीख
४३ टक्के. डाव्या गुडघ्यावर जुना व्रण आहे. मी कधी पडलो नव्हतो. सकाळी लेकीला एका लाडाच्या नावानं हाक मारली, ते नाव मला कुणी सांगितलेलं नाही. ती धावत येऊन बिलगली. बायकोच्या हातून पेला पडला. मग ती रडली, आनंदानं. मला भीती वाटतेय. घरात ती मला एकट्यालाच वाटतेय.

रविवार, ९ तारीख
५४. बॅग उचलली, जुन्या खोलीवर जायला निघालो. कोपऱ्यावर पाय आपोआप डावीकडे वळले. तीनदा निघालो, तीनदा याच गल्लीत. तिसऱ्यांदा न्हाव्यानं दुकानातून विचारलं, तीन वर्षं कुठे होतात? परत आलो. घंटा वाजवायच्या आधीच मावशींनी दार उघडलं.

मंगळवार, ११ तारीख
७७. अक्षर डावीकडे कलायला लागलंय. लिहून ठेवतो. आईच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हे विसरायचं नाही. तिचा आवाज — पोचलास की — की काय?

केबल उपटायला हात घातला. दोघंही कोरे झालो तर? या फडताळातून उठेल कोण? बायकोनं हात धरला. हळूच त्याच्या घरच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. देवा, मी ओ दिली —

बुधवार, १२ तारीख
९०. चष्मा. दोरा. कुणाचा

गुरुवार, १३ तारीख
९९. माझ्या खणात ही कुणाची वही? शेवटची पानं माझ्या अक्षरात — नाही. थांब. कुणीतरी सांगितलं होतं, कळव. कुणाला कळवायचं होतं? आठवत नाही —

मावशी दारात आल्यात — आलीय. डोळे पुसत विचारतेय, पोचलास का रे. हो म्हटलं. पोचलो गं, आ