बशीरच्या शेतातली माती

टेंभुर्णी, पाचवी माळ, १९४८

प्रिय बशीर,

तुम्ही सगळे गाव सोडून नवीन जालन्याला मावशीकडे सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला, तेव्हा कुठं घास गोड लागला. इथं रझाकार गेले, लष्कर आलं, निजामाचं राज्य संपलं. माणसं नुसती थकून ओट्यावर बसून आहेत. मीही त्यातलाच.

तरी घट बसले. दिवस-रात्र बराबर व्हायला आले की आईला दुसरं काही सुचत नाही, तुला ठाऊकच आहे. आमचं रान मुरमाड, म्हणून घटाची माती दरसाल तुमच्या ओढ्याकाठच्या शेतातून यायची. अब्बा स्वतः टोपलं भरून द्यायचे. दसऱ्याला आई घटातले अंकुर त्यांना द्यायची अन् ते पागोट्यात खोवून गावभर मिरवायचे. कोणतं धान जोमानं उगवलं ते बघून रब्बीला काय पेरायचं हे दोघं ठरवायचे. अब्बा गेल्यावर तो मान तुझ्याकडे आला.

यंदा टोपलं घेऊन मी गेलो, तर तुझ्या शेतात रामरावकाकाचं औत चाललेलं. काका म्हणाला, लागेल तेवढी ने, आता आपलीच आहे. सख्खा चुलता. रिकामं टोपलं घेऊन परत आलो.

आईनं ऐकून घेतलं, पदर सावरला अन् स्वतः गेली. थेट बैलांपुढं उभी राहिली. दिराशी ती जन्मात कधी तोंड वर करून बोलली नव्हती. गड्यांच्या देखत म्हणाली, "माती नेते. पण शेत बशीरचं हाय. त्यो आला की सोडावं लागंल."

काकानं मान खाली घातली, पण औत काही सोडलं नाही. तेव्हापासून त्यांच्या घरचं कुणी आमच्या दारात येत नाही. आई रोज माळ चढवते. गहू छान वर आलाय. घट बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, दसऱ्याला बशीर येणार.

म्हणूनच घाईनं लिहितोय. तू येऊ नकोस. काकाची पोरं काठ्या घेऊन वेशीत बसतात अन् तुझं नाव घेतात. मी एकटा तुला वाचवू शकेन असं मला वाटत नाही. शेताचं काय करायचं ते मीच सणानंतर तिकडं येऊन बोलतो. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. दसऱ्याला ती दिवसभर दारात बसेल. मी तिच्याशेजारी बसेन.

तुझाच,
पुंजाराम