कढीपत्ता घरात झोपला

क्लेटन, मेअखेरचा शुक्रवार, संध्याकाळ

इथला हिवाळा जूनमध्ये सुरू होतो, म्हणून कढीपत्त्याची कुंडी शेवटी आज घरात घेतली. मागच्या हिवाळ्यात उद्या आणू, उद्या आणू करत राहिले आणि एका पहाटे फ्रॉस्टने अख्खं झाड काळं पडलं. हे नवीन झाड तसं जाऊ द्यायचं नव्हतं. नवऱ्याने, अजयने, आणि मी मिळून कुंडी आत आणली तेव्हा पानं माझ्या लोकरी जंपरच्या बाहीवर घासली. वास अजून आहे.

हीटरपासून लांब, हॉलच्या खिडकीपाशी ठेवली. मग आमटीच्या फोडणीसाठी पानं तोडायला गेले आणि हात थांबला. दिवेलागणीनंतर पान तोडायचं नाही, झाड झोपलेलं असतं, असं आई म्हणायची. पण इथे आता पाचलाच अंधार. मग कामावरून आल्यावर हिवाळाभर तोडायचंच नाही की काय? मी हे खरंच मानते का? काय माहीत.

ईराला सांगितलं तर म्हणाली, "बट आई, लाइट ऑन आहे. हाउ विल इट स्लीप?"

मी फोडणीकडे वळले. जेवायला बसताना पाहिलं तर तिने हॉलचा दिवा बंद केलेला. आमटी बिनकढीपत्त्याची, घरात झाड असून. तरी अजयने दोनदा वाढून घेतली.

बाहीला वास आहेच. हे लिहितेय तेही किचनच्या ओट्यापाशी उभी राहून. हॉलमध्ये दिवा लावावासा वाटत नाही. तिथे कोणीतरी झोपलंय.