डफावरचा पहिला ठोका

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी आधी अंग चोरते. पण आता निमित्तच तसं घडलंय. नगरच्या काही पोरांनी तुमची गाणी गिटार आणि ड्रमवर बसवलीत. ती तुम्हीच लिहायचात, चाल तुम्हीच लावायचात, काष्टीच्या बाजारात डफ घेऊन तुम्हीच गायचात, म्हणून तुमच्या मानासाठी हा अल्बम. एकही गाणं गोड ठेवलेलं नाही. पोरं घसा फोडून ओरडतात आणि ड्रम असा बडवतात की मांडणीतली भांडी थरथरावीत. मला ते फार आवडलं. तुमचा राग तुमच्या गाण्यात मी पहिल्यांदाच ऐकला.

फक्त एक गोष्ट खटकली. प्रत्येक गाण्याआधी ते एकच दणदणीत ठोका मारतात, क्षणभर थांबतात, मग गाणं. तुमच्या कॅसेटवर तसंच आहे, म्हणून त्यांना ती तुमची खूण वाटली. आता त्यांना काय ठाऊक? गार हवेत डफ ढिला पडायचा. तो आमच्या चुलीवर शेकायचा, त्यासाठी आईनं तवा उतरवायचा. कातडं ताणलं का, ते बघायला तुम्ही तो ठोका मारायचात. खणखणीत वाजला की तुम्ही बाजाराला निघायचात. बद्द वाजला की आम्ही भावंडं कणगीमागे लपायचो.

एक सकाळ मी विसरत नाही: भाकरी नुकती फुगायला लागलीय. तुम्ही म्हणता, "तवा उतर." आई म्हणते, "एवढी भाकरी व्हऊ द्या." तुम्ही डफावर ठोका मारता, तो बद्द वाजतो. मग तोच हात आईच्या कानशिलात. ती चुलीवर कलंडते, तवा उलटतो, तिचं मनगट पोळतं, कानातून आलेलं रक्त परातीतल्या पिठात ठिबकतं. तुम्ही केसांना धरून तिला बाजूला ओढता आणि डफ शेकायला बसता, सावकाश, फिरवून फिरवून, कातडं जळू नये म्हणून. कातड्याची तेवढी काळजी! त्याच दुपारी तुम्ही बाजारात बायकोच्या भाकरीचं गाणं गायलात आणि बायांनी डोळ्याला पदर लावले. आईचा तो कान कायमचा गेला. मला अजूनही तुमचा संताप येतो, आबा.

घरच्यांना पटलं तरच अल्बम बाहेर काढू, असं पोरं म्हणाली होती. म्हणून आईच्या चांगल्या कानाशी मोबाईल धरला आणि नेमकं ते भाकरीचंच गाणं लागलं. ठोका पडला. म्हातारीचा हात झटकन बहिऱ्या कानावर गेला, मान खाली, डोळे गच्च मिटलेले. मी बंद करायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "राग राग गात्यात, खरं वाटतं. तुजा बाप लई गोड गायचा." मग थोड्या वेळानं, "गानं ऱ्हाऊ दे. पन त्यो पैला ठोका काढाय लाव. त्यो मानसांनी ऐकायचा न्हाई."

मी फोन केला. "मावशी, ठोका तर आबांची ओळख आहे," गाणारा पोरगा म्हणाला. मग मी त्याला सगळं सांगितलं, चुलीसकट. इतकी वर्षं तुमची अब्रू झाकली, ती त्या पाच मिनिटांत उघडी केली.  तो एवढंच म्हणाला, "काढतो."

अल्बम आलाय. लोक वाहवा करतायत, तुमचा फोटो सगळीकडे फिरतोय. हे पत्र मी कुठे टाकणार? आईला वाचून दाखवावं, तर तेही धाडस नाही. भाकरी करताना मी तुमचं गाणं लावते. ठोका आता नाही, गाणं एकदम सुरू होतं. पण ते सुरू व्हायच्या आत माझा हात अजून गॅसवरचा तवा उतरवायला जातो.