दोन दात, एक जीभ

३ ऑक्टोबर १९६४, शनिवार

लिही. आज पाव भाजले, बीन्सची पोती बांधली, माझ्या मुलाचं, ऑर्लिनचं, डोकं खाल्लं. उद्या पहाटे डोंगरात जायचं.

थेल्मा विचारते, हे असं सगळं लिहायचं? मी म्हटलं, सगळं. शाळेच्या बाईंनी तिला आठवडाभराची सुट्टी दिली ती एका अटीवर. रोज एक पान लिहून आणायचं. पोरगी चौदा वर्षांची, तासभर पेन्सिल चावत बसली आणि कागदावर नुसती तारीख. तेव्हा मी ठरवलं, बाईंची वही बाईंना. ही दुसरी वही माझी. मी बोलणार, नातीनं उतरवायचं, कुणाला दाखवायचं नाही. सत्तर वर्षं मनातल्या मनात बडबडले, आता कागदाला त्रास देते.

मला अक्षर येत नाही. गोऱ्यांच्या शाळेची घोडागाडी आमची मुलं उचलून न्यायला यायची तेव्हा माझा आजा मला नदीकाठच्या झुडपात लपवून ठेवायचा. पण कान शाबूत आहेत. मघाशी सुनेबद्दल, रूबीबद्दल, मी एक लांबलचक वाक्य बोलले आणि पेन्सिल दोनदाच कुरकुरली.

"एवढंच लिहिलंस?"

"माझ्या आईबद्दल तसलं मी नाही लिहिणार, आजी."

बरं बाई. चोर पकडला, एवढ्यावर समाधान.

आता मुद्द्याचं. दोन वर्षं झाली, घरात एल्कचं, त्या घोड्याएवढ्या रानहरणाचं, मांस शिजलेलं नाही. लाकडाच्या गिरणीत ऑर्लिनचं उजव्या हाताचं बोट गेलं, नेमकं चाप ओढायचं. आता डाव्या हातानं नेम धरतो. फार झाडं मारली त्यानं. म्हणून या खेपेला लेकीच्या हातातही बंदूक दिली आहे. तिनं आजवर ससासुद्धा मारलेला नाही. आणि तिथंच घोळ आहे.

पहिली शिकार वाटून टाकायची, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या घरांत निदान म्हातारी माणसं खातात, फक्त शिकाऱ्यानं खायचं नाही. पण आमच्या घरात माझ्या सासूनं तो नियम आवळून ठेवला. घरच्या कुणीच तोंड लावायचं नाही. लावलं तर शिकाऱ्याचा हात आखडतो, जनावर पुन्हा त्याच्यापुढं उभं राहत नाही. सासू जाऊन तीस वर्षं झाली. नियमाची तब्येत अजून ठणठणीत आहे.

आणि मला तर जीभ खायची आहे. एल्कची, उकडलेली, मिठाबरोबर. माझ्या तोंडात दोन दात उरलेत, एक वर, एक खाली, आणि तेही एकमेकांना भेटत नाहीत. एवढ्या मोठ्या जनावरातलं माझ्या वाट्याचं तेवढंच. म्हणून थेल्माला सांगून ठेवलं, "तुझ्यापुढं एल्क आला तर एक शिंक दे. बाबाला मारू दे. नाहीतर म्हातारी जिभेशिवाय मरायची."

हसते आहे. हसतेच आहेस ना गं? पेन्सिल का थांबली?

४ ऑक्टोबर, रविवार

ट्रकमध्ये मी मधे, दोघं दोन्हीकडं. मागं शेजारच्या ऑगस्टाची घोडी, मांस वाहायला. रूबी धाकट्यांना घेऊन घरी राहिली. ऑगस्टानं घोडी देताना काय म्हणावं? "रिकामी परत आणलीस तरी चालेल, सवय आहे तिला." ही बाई माझी पन्नास वर्षांची मैत्रीण.

बापलेकीनं साऱ्या रस्त्यात मिळून तीन शब्द उच्चारले. "खिडकी लाव." "लावलीये." मोजले मी. पोरगी तेरा सरून चौदात गेली तशी घरात ही थंडी आहे. तो काही बोलला की हिचे खांदे वर. ही बोलली की तो बूट बघतो. मधे बसून माझे दोन्ही कान गारठले.

जुन्याच जागी, ओढ्याकाठी तंबू ठोकला. माझा नवराही इथंच ठोकायचा, आणि इतकाच वाकडा.

५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी वरच्या कड्यावर एल्कचा नर ओरडला. आधी गंजलेलं दार उघडावं तसा, मग उंच शिट्टी. अंगावर काटा आला, चहा सांडला, आणि बापलेक एकाच वेळी उठून उभे राहिले, एकाच बाजूला मान करून. दोघांना ठाऊक नाही ते किती सारखे दिसतात.

६ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी परत आले ते हसत! लांबून ऐकू आलं. मला वाटलं दुसरीच माणसं आली.

झालं असं. ऑर्लिननं वारा बघायला चिमूटभर राख उडवली, ती स्वतःच्याच डोळ्यांत गेली. डोळे चोळतो आहे तोवर झाडीत तपकिरी काहीतरी दिसलं. डाव्या हातानं बार काढला. जाऊन बघतात तर सडका ओंडका.

"चांगला मोठा होता, आजी," थेल्मा म्हणाली. "सहा फांद्यांचा."

"जागच्या जागी पडला," ऑर्लिन म्हणाला. "हललासुद्धा नाही."

"बाबा म्हणाले, सोलू या."

"ती म्हणाली, आधी आजीला विचार, ओंडक्याला जीभ असते का."

मी चुलीत लाकूड सारलं, म्हणजे तोंड लपवता आलं. जिभेवाचून इतके दिवस काढले, अजून एक. ही थंडी वितळली हे काय कमी आहे?

७ ऑक्टोबर, बुधवार

बर्फ. तिघंही तंबूत. थेल्माच्या केसांचा गुंता झाला आणि तिला हातमोज्यांत काही सुचेना, तर ऑर्लिन मागं बसला आणि वेणी घातली. नऊ बोटांची वेणी. एक पेड जास्तच जाड. तिनं आरशात बघितलं, पण सोडली नाही.

मग त्यानं तिला शिकवलं, बोट चापाला नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, श्वास अर्धा सोडायचा. आपलं नसलेलं बोट वाकवून दाखवत होता. ती बघत होती, जणू ते दिसतंच आहे.

"समोर आला तर तूच मार," तो म्हणाला.

"आजीची जीभ?" ती म्हणाली.

"आजी चेष्टा करते गं."

मी म्हटलं, "आजी चेष्टा करत नाही. आजी उपाशी आहे." काय खोड असते एकेका जिभेला, खायच्या आधी बोलायची.

८ ऑक्टोबर, गुरुवार

मिळाला! मोठा नर, घोडीपेक्षा अर्ध्या हातानं उंच. सकाळी एक बार ऐकला, एकच. मग खूप वेळ काही नाही. मी ओढ्यावर उभी, हातात भांडं, ते तसंच. दोन प्रहरी दोघं आले, कोपरापर्यंत रक्तानं माखलेले, घोडीवर पहिली खेप. मी विचारायच्या आत थेल्मा म्हणाली, "बाबांनी मारला, आजी. डाव्या हातानं. तुझी जीभ आणली."

ऑर्लिन घोडीची दोरी सोडत होता. सोडतच राहिला. त्या गाठीला एवढा वेळ लागत नाही.

मी नाचले. खोटं नाही, बर्फात, नवऱ्याच्या जुन्या बुटांत नाचले. थेल्मानं एल्कचे दोन सुळे काढून आणले होते, हस्तिदंतासारखे. ते तिनं बापाच्या खिशात घातले. म्हणाली, "आजी, याचे दोनच, तुझे दोनच."

आता नीट लिही, हे महत्त्वाचं आहे. आठ ऑक्टोबरला, वरच्या कड्याखाली, एका गोळीत एल्क पाडला तो ________ ने.

लिहिलंस? म्हणते, लिहिलं. हात खांद्यातून दुखतो म्हणते, उजवा. असू दे, आज पुरे. बंदुका फार जड असतात, वाहणाऱ्यालासुद्धा.

जीभ शिजत आली आहे.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

काल जीभ डब्यात घालून मी तंबूमागं ओढ्याकडं गेले. दोन दातांनी चघळताना मला कुणी बघितलेलं चालत नाही. बऱ्याच वेळानं आले ती तोंड पुसत.

"कशी होती?" थेल्मानं विचारलं.

"अशी जीभ माझ्या आयुष्यात झाली नाही."

इतकी खूश झाली पोरगी. मग पुन्हा विचारलं. मग निजताना तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं, आणि प्रत्येक वेळी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होती.

आज मी मोठा हंडा चढवला, बरगड्या आणि रानकांदा. वासानं कावळेसुद्धा गप्प बसले. थेल्मा म्हणाली, पोटात दुखतंय, नुसता पाव दे. ऑर्लिन म्हणाला, दाढ ठणकते, नुसते बीन्स दे. मी म्हटलं, माझं तर कालच्या जिभेनं अजून पोट भरलेलं आहे. तिघंही हंड्याकडं न बघता पाव खात बसलो. असं शहाणं जेवण या रानात कधी झालं नसेल.

१० ऑक्टोबर, शनिवार

घरी. हंडा उपड्या झाकणानं बांधून, भरलेलाच आणला.

ट्रक थांबला तशी ऑगस्टा अंगणात हजर. तिला घोडीची काळजी नव्हती, मांसाची होती. "कुणी मारला?" विचारते. मी म्हटलं, "माझ्या मुलानं! डाव्या हातानं, एका गोळीत, चारशे पावलांवरून!" ऑर्लिनचे कान लाल. मी म्हटलं, "बर्फात, वाऱ्यात." कान आणखी लाल. मी म्हटलं, "अर्धवट डोळे मिटून, ऑगस्टा! एवढा शिकारी या नदीकाठी झाला नाही. मी तर म्हणते, याचं नाव समाजघराच्या भिंतीवर लावा." थेल्मा खाली बघून वेणीचं टोक चावत होती. तीच जाड पेडाची वेणी, अजून. मी आणखी वाढवून सांगणार, तेवढ्यात ऑर्लिननं खिशात हात घातला, ते दोन सुळे काढले आणि सगळ्यांसमोर लेकीच्या तळहातावर ठेवले.

"ज्याचे त्याला," म्हणाला. "दीडशे पावलं होती, आई. अर्धा श्वास सोडून. माझ्यापेक्षा छान."

रूबी स्वयंपाकघरातून पळत आली. ऑगस्टानं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. थेल्मा मात्र माझ्याकडं बघत होती. पांढरीफटक.

"पण आजी, तू जीभ खाल्लीस."

"व्हायचं ते झालं," मी म्हटलं.

"म्हणजे माझा हात..."

"तुला हे ठाऊक होतं तरी तू मला ती दिलीस?"

तिनं मान डोलावली. चौदा वर्षांची पोर. उभ्या जन्माची शिकार एका थट्टेखोर म्हातारीच्या घासावर ओवाळून टाकली आणि तीन वेळा विचारलं, कशी होती. माझ्या थट्टेला काय म्हणू? आणि बापानं तरी गाठ सोडत का उभं राहावं, तर म्हणतो, "तिनं माझ्याकडं असं बघितलं, आई, मला बोलवेना."

आता इथं मी सांगते ते गाळू नकोस. मला त्याच दिवशी कळलं होतं. ऑर्लिनचं नाव मी मोठ्यानं उच्चारलं आणि पेन्सिल कुरकुरलीच नाही. अक्षर येत नसलं तरी रिकामी जागा मला ऐकू येते. खोटं बोललीस खरी, पण लिहवलं नाही तुझ्यानं. आणि बंदूक नुसती वाहून कुणाचा खांदा सुजत नाही.

"कळलं होतं," थेल्मा म्हणते, "तरी खाल्लीस?"

मी म्हटलं, उद्या बोलू. रात्र व्हायच्या आत अख्ख्या एल्कचे वाटे घालायचेत.

पेन्सिल कागद फाडते आहे. फाडू दे. ती जागा मात्र भरू नकोस, माझ्या जिभेच्या खोडीची आठवण म्हणून राहू दे तशीच. नाव इथं घाल, मोठं, मला ऐकू येईल असं: थेल्मा.

११ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेनंतर समाजघरात सगळी म्हातारी माणसं जेवायला बसली, आमच्या घरची सोडून. थेल्मा वाढत होती, गळ्यात दोन सुळे. ऑगस्टापाशी येऊन थबकली. ऑगस्टाच्या ताटात जीभ होती. अख्खी, ओढ्याच्या गार पाण्यात दोन रात्री डब्यात जपलेली, मिठाबरोबर.

पोरगी पातेलं घेऊन तशीच माझ्याकडं आली.

"आजी, एल्कला जिभा किती असतात?"

"एकच," मी म्हटलं.