होटगीच्या माळावरचे गवत

लिहून ठेवणार गोजाबाई कोम धुळा मेटकरी, वय अंदाजे पासष्ट, धंदा शेती, राहणार होटगी. डोळ्यांना कमी दिसते, समजते मात्र सगळे. कोणी धाक घातलेला नाही. समजावून समजावून सगळ्यांनी डोके उठवले, म्हणून हे एकदाचे लिहवून घेते.

१. राहते घर व दोन्ही म्हशी मुलगा बिरप्पा यास.

२. माझे दीर मायाप्पा यांस काही नाही. सन १९३० साली पाऊस नव्हता. इंग्रज सरकारने कुरणे बंद करून मेंढीमागे चराई बसवलेली. कर ठरवणारे साहेब विलायतेत. त्यांनी हा माळ पाहिलाही नव्हता. माझ्या मालकांनी चराई न भरता कुरणात मेंढ्या घातल्या. त्यांच्यामागून वाड्यावाड्यांवरचे धनगर आले. जंगल खात्याचा शिपाई म्हणाला, “गवत सरकारचं हाय.” मालक म्हणाले, “सरकारनं हितं कवा पाय ठेवला?” त्यांना धरून नेले. माफी मागितली तर सोडू म्हणाले. मालकांनी मागितली नाही. तुरुंगातून खोकला घेऊन आले आणि त्याच थंडीत गेले. कोंडवाड्यातल्या आमच्या मेंढ्या मायाप्पांनी दंड भरून सोडवल्या व स्वतःच्या कळपात घातल्या. आता आपणच ती चळवळ केली, अशी साक्ष मी त्यांच्या स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनसाठी द्यावी, म्हणून ते दर बाजाराला येऊन बसतात. माझ्यामागे त्यांना या घरी चहा देऊ नये.

३. माळावरची जमीन मुलगी मायाक्का हिला. बिरप्पाने रागावू नये असे लिहिणार होते, पण रागावू दे. गेल्या दुष्काळात त्याने तिथे तारेचे कुंपण घातले आणि लांबून आलेल्या धनगरांकडून मेंढीमागे पैसे घेतले. जाब विचारला तर म्हणाला, “आये, गवत आपलं हाय की.”

मी म्हणाले, “त्या शिपायाचं बोलणं तुझ्या तोंडात कुटनं आलं?”

तो ताटावरून उठून गेला.

मायाक्काने खालची पट्टी पेरावी. वरचे गवत कोणाच्याही मेंढ्यांना फुकट मोकळे ठेवावे. जमीन विकल्यास घेणाऱ्यासही ही अट लागू राहील.

४. हे सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे. बिरप्पाही ऐकत होता. ऐकून तो पक्कड घेऊन माळावर तार सोडवायला गेला. तरी तिसरे कलम खोडू नये, असे मी लिहिणारास बजावले आहे. पुढच्या दुष्काळाला मी नसेन.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, गोजाबाई कोम धुळा मेटकरी

साक्षीदार:
१. बसलिंगप्पा पाटील, किराणा दुकानदार (सही)
२. हरिबा शेंडगे, शेजारी (सही)

लिहिणार: आबासाहेब जाधव

मुक्काम होटगी, जिल्हा सोलापूर
ता. ९ ऑक्टोबर १९७३