टकळी म्यूट झाली त्याची हकीकत

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या भावाचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे. पोचला असं समजून आशीर्वाद मात्र पूर्ण द्यावा.) तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने नीट दिसू लागलं का? दिसत असेल तर हे पत्र स्वतः वाच, शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस, कारण यात घरातल्या गोष्टी आहेत आणि त्या बाईच्या पोटात काही राहत नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल. म्हणजे मुलगा लिफ्ट दुरुस्त करता करता अर्धा दिवस दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेला असतो, सूनबाईंना हॉस्पिटलात सकाळची पाळी असते, आणि मी चाळीस वर्षं करत आलो तेच करतो. पुढच्या खोलीत मशीनवर बसतो आणि लोकांच्या वाढलेल्या पोटांना जागा करून देतो. खुशाल नाही ती एकटी टकळी, आणि तिच्यासाठीच लिहायला बसलो आहे.

टकळी म्हणजे माझी नात हे तुला सांगायला नको, पण ती साडेतीन वर्षांची झाली हे सांगायला हवं, कारण तू पाहिलीस तेव्हा ती पालथीसुद्धा पडत नव्हती. हे नाव आम्ही तिला उगीच ठेवलेलं नाही. सकाळी डोळ्यांबरोबर तोंड उघडायचं ते झोपेतच मिटायचं. माझ्या मशीनखाली बसून ती चिंध्यांशी गप्पा मारायची, बॉबिनशी भांडायची, आणि मी गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेत असलो की मागून त्याला विचारायची, तुमच्या पोटात कोण आहे? (एक गिऱ्हाईक यामुळे कायमचं तुटलं. तसं ते कटकटीचंच होतं.) तर अशा या पोरीचं नाव यंदा ‘घरबसल्या बालवर्गा’त घालण्यात आलं. घरबसल्या म्हणजे मोबाईलवर. तू तीस वर्षं बालवाडी चालवलीस, शेकडो पोरांची नाकं पुसलीस, तेव्हा तुला आताच हसू येईल. पण इतक्यात हसून घेऊ नकोस, पुढे पुष्कळ आहे.

रोज सकाळी नऊ वाजता माझ्या कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारायचं, रिळांच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा करायचा, आणि स्टुलावर दोन उशा ठेवून त्यावर टकळीला बसवायचं. मोबाईलमध्ये सोळा चौकोन दिसतात. एकात मिस असतात. उरलेल्या पंधरांत मुलं असतात असं शाळेचं म्हणणं आहे. मला चारांत छत दिसतं, दोनांत कुणाचं तरी कपाळ, आणि एकात एक बाई रोज कपड्यांच्या घड्या घालताना दिसते. (आपण दिसतो हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. घड्या चांगल्या घालते.) पहिली वीस मिनिटं ‘माझा आवाज येतोय का?’ या विषयाला दिलेली असतात. मिस पोरांना विचारतात, पोरं मिसना विचारतात, आणि पोरांच्या मागे उभे असलेले आईबाप एकमेकांना विचारतात. मग मिस म्हणतात, चला, आता सगळ्यांनी म्यूट व्हा बरं. झालं. साडेतीन वर्षांच्या पोरांनी बोलायला शिकावं म्हणून काढलेल्या वर्गातला हा पहिला धडा.

एकदा फुलांचा पाठ होता. मिसनी गुलाब आणला आणि कॅमेऱ्याजवळ धरून म्हणाल्या, वास घ्या मुलांनो! लगेच सगळ्या चौकोनांत नाकंच नाकं. आमच्या बाईसाहेबांनीही मोबाईलला नाक लावलं आणि मोठ्याने जाहीर केलं की मिस, तुमच्या फुलाला मशीनच्या तेलाचा वास येतो. (येणारच. तेलाच्या हातांनी मोबाईल मीच उभा केला होता.) खरं बोलणारी वर्गातली ती एकटी, म्हणून तिलाच आधी म्यूट करण्यात आलं. दुसऱ्या दिवशी ‘वाटून खाऊ या’ असा पाठ. पंधरा घरांत पंधरा पोरं हातात बिस्किट घेऊन बसली. मिस म्हणाल्या, आता आपल्या मित्राला द्या. मित्र कुठे, तर काचेच्या आत. टकळीने थोडा विचार केला आणि मोबाईलला जिथे चार्जरची पिन घालतात त्या भोकात बिस्किटाचा कोपरा खुपसला, वरून दाबून भरवला. मुलाला सुईने तो चुरा काढायला दोन तास लागले. वाटून खाण्याविषयी तिचं मत काय झालं ते ती सांगत नाही, पण तेव्हापासून बिस्किट पाठीमागे लपवून खाते.

मग तो मासा. मुलांनी स्वतःच्या हातांनी मासा कापून, चिकटवून फोटो पाठवायचा होता. आता स्वतःच्या हातांनी म्हणजे कुणाच्या, हे सगळ्या घरांना ठाऊक आहे. सूनबाई पाळीवर, मुलगा लिफ्टमध्ये, तेव्हा हात उरले माझे. मी निळ्या साटीनचा मासा बेतला. आत अस्तर घातलं, कडेने बारीक टीप मारली, खवल्यांच्या जागी काजं केली आणि डोळ्याला शिंपल्याचं बटण लावलं. अक्का, लग्नाच्या सुटालाही मी एवढा जीव लावत नाही. दोन दिवसांनी शेरा आला : ‘प्रयत्न छान! कात्री धरण्याचा सराव करावा.’ चाळीस वर्षं! या हातांनी चाळीस वर्षं कात्री धरली, आणि मला सराव करायला सांगतात! घड्या घालणाऱ्या बाईच्या माशाला तीन चांदण्या मिळाल्या. तिचा मासा मी पाहिला. तो मासा नव्हता, पायमोजा होता.

आणि या सगळ्याला गणवेश आहे बरं का. मला ठाऊक आहे, कारण तो मीच शिवतो. (हे काम माझ्याकडे कसं आलं ती वेगळी गोष्ट आहे, ती आता काढत नाही.) शाळेने आधी सदरा आणि चड्डी, सदरा आणि स्कर्ट अशी मापं पाठवली. आठवड्याभरात पालकांचे निरोप यायला लागले की वरचंच शिवा, खालचं कॅमेऱ्यात दिसत नाही. तेव्हा मी आता अर्धे गणवेश शिवतो. वर कॉलर, खिसा, खिशावर शाळेचं बोधचिन्ह, आणि खाली पोरं नागडी बसतात. पालकांची परिस्थिती याहून बरी नाही. परवा एक वडील ‘पालकांनी मुलांबरोबर उड्या मारा’ म्हटल्याबरोबर उत्साहाने उठले आणि तसेच खाली बसले. त्यानंतर त्यांचा चौकोन काळाच आहे.

इथवर मी हसतच होतो. मग एके दिवशी मला ऐकू येईनासं झालं.

म्हणजे असं, की टकळी मशीनपाशी येऊन उभी राहिली, तिचे ओठ हलत होते, हातवारे चालले होते, भुवया वर जात होत्या आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी मशीन थांबवलं. तरी नाही. मला वाटलं, आपले कान गेले. चाळीस वर्षं मशीनची खडखड कानांशी, कधीतरी हे व्हायचंच. कुणाला काही न सांगता (मुलगा मला आधीच म्हाताऱ्यात काढतो) मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान धुतले, यंत्र लावलं, शिट्ट्या वाजवल्या आणि म्हणाले, आजोबा, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, कुणाचं ऐकू येत नाही तुम्हाला? मी म्हटलं, नातीचं. बाकीच्यांचं? येतं, नको असलं तरी येतं. तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, मग नातीला घेऊन या.

सूनबाईंना सांगावं लागलं. त्या सुट्टी काढून आल्या. टकळी डॉक्टरांसमोर बसली आणि चांगली दोन मिनिटं बोलली. आवाज शून्य. डॉक्टरांनी आधी स्वतःचा कान झटकला. मग सूनबाईंनी तिला जवळ ओढून विचारलं, तेव्हा तिने आईचं बोट धरलं, स्वतःच्या हनुवटीवर दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘माझा आवाज येतोय का?’ येतोय म्हटल्यावर पुन्हा हनुवटी दाबून बंद. असं हे आता चाललं आहे. हनुवटीला बटण आहे. आईने दाबलं तर एक वाक्य बाहेर येतं, बापाने दाबलं तर अर्धं, आणि मी दाबलं तर काहीच येत नाही. मान हलवते आणि चिंध्यांत जाऊन बसते. चिंध्यांशीही ओठांनीच बोलते. मी मशीन थांबवून बघत बसतो. त्यातच परवा तिचं प्रगतिपत्रक आलं. ‘बोलण्यातला सहभाग : कमी. शिस्त : उत्तम. म्यूट राहण्याबद्दल विशेष चांदणी.’

सूनबाईंनी ते वाचून भिंतीवर फेकलं. पुढच्या महिन्यात पालकसभा आहे, तीही मोबाईलवरच. तिथे मुलगा त्या मिसविरुद्ध लेखी तक्रार मांडणार आहे आणि त्यांना कामावरून काढाच म्हणणार आहे. तक्रारीचा मसुदा मी केला आहे. फर्मास जमला आहे. आमच्या हसत्याखेळत्या पोरीचं तोंड या वर्गाने शिवून टाकलं, असं त्यात एक वाक्य आहे, ते मुलाने दोनदा वाचून घेतलं. तुझ्या अनुभवाच्या दोन ओळी त्याला जोडल्यास वजन येईल. तू बालवाडीतली जुनी जाणकार, तुझ्या सहीला मान आहे. मोबाईलवर पोरं शिकत नाहीत, फक्त गप्प बसायला शिकतात, एवढंच लिही. बाकी आमच्याकडे सगळं ठीक.

लहानपणी तुझं एक ऐकलं नाही, आता सगळं ऐकायला तयार असलेला,
तुझा भाऊ

ता. क. : वर मागितलेल्या त्या दोन ओळी लिहू नकोस. लिहिल्या असशील तर फाडून टाक.

ता. क. दुसरा : टकळीचं नाव त्या वर्गात ‘घालण्यात आलं’ असं मी वर लिहिलं आहे. ते मी घातलं. शाळेच्या मोठ्या बाई गणवेशाचं काम द्यायला आल्या होत्या, जाता जाता म्हणाल्या, घरात कुणी लहान असेल तर बसवा, तेवढीच तुम्हाला शांतता. मुलगा आणि सून दोघंही नको म्हणत होती. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला जगाची काही माहिती नाही. मग काम आलं, सदऱ्यांचे ढीग झाले आणि टकळी वर्ग संपला तरी गप्प बसेना. एका सकाळी तिने विचारलेल्या कुठल्याशा प्रश्नाच्या नादात माझ्याकडून सदऱ्याची बाही उलटी जोडली गेली. मी कात्री टेबलावर आपटली. हातात खडू होता, त्याने तिच्या हनुवटीवर एक ठिपका काढला आणि म्हटलं, हे तुझं बटण, मी सांगेपर्यंत बंद. ती लगेच गप्प झाली. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी बारा सदरे झाले. आणि सांगायचं ते मी विसरून गेलो.

डॉक्टरांकडे सूनबाईंनी तिला विचारलं होतं, तुला म्यूट कुणी केलं? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या हातात मोबाईल होता. सगळ्यांना वाटलं ती मोबाईल दाखवते आहे, आणि मी तो थोडा वर धरला. त्या मिसचा यात काडीचा दोष नाही. तिला पंधरा चौकोन सांभाळायचे होते. मला एकच पोर सांभाळायची होती, तीही माझ्या पायाशी बसलेली. मसुदा मी मुलाच्या देखत फाडणार आहे. पण मग त्याला कारण सांगावं लागेल, आणि तो धीर अजून होत नाही.

ता. क. तिसरा : टकळीला मी सांगून पाहिलं की उघडलं बटण, बोल. तिने मशीनकडे पाहिलं आणि मान हलवली. खिशाचा फ्रॉक शिवून दिला, तो घातला, ओठांनी काहीतरी म्हणाली आणि गेली. अक्का, साडेतीन वर्षांच्या पोरीची माफी कशी मागतात? तू मागितली असशील कधीतरी. मला येत नाही. पत्राने कळवू नकोस, ये. कंबर, गुडघे, सगळं आपण नंतर बघू. आज मशीन बंद ठेवलं आहे, गणवेश उशिरा जातील. ती खाली चिंध्यांत बसली आहे आणि मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून हे लिहितो आहे. गेली चाळीस वर्षं या खोलीत एवढी शांतता मी मागत होतो, आणि आता ती मला सहन होत नाही.