रोल संपलाय

बाबा,

तुम्ही गेल्यावर पुण्यात बरंच काय काय आलं, त्यात बोलिंगही आलं. क्रिकेटमधलं नव्हे. आपला स्टुडिओ होता तिथून थोडं पुढे, बिबवेवाडीतच, एका मॉलच्या तळघरात लोक भाड्याचे बूट घालून लाकडी पट्टीवरून जड गोळा सोडतात आणि टोकाला मांडलेल्या दहा पिना पाडतात. "घरात पाडायला भांडी नाहीत का?" असं तुम्ही नक्की विचारलं असतंत. मी या वयात नोकरी सोडून कर्वेनगरच्या एका कॉलेजात फोटोग्राफी शिकते आहे. तुम्ही फुकट शिकवत होतात तेव्हा पळून जायचे, आता फी भरून शिकते. वर्षभराच्या कामासाठी मी हे बोलिंग निवडलं. वाढदिवसाची पोरं, ऑफिसातून टोळीनं येणारी मंडळी, परत आलेल्या प्रत्येक बुटात फवारा मारणाऱ्या काउंटरवरच्या बाई. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत निळा अंधार असतो. गोळा लागला की एक आडवी दांडी खाली येते आणि पडलेल्या पिना मागच्या काळोखात लोटून देते. मला ते बघवत नाही, तरी मी बघत बसते.

तिथे दर मंगळवारी सकाळी एक काका येतात. बँकेतून निवृत्त झालेले, राहायला सदाशिव पेठेत. पूर्वी काकूही यायच्या. खेळायच्या नाहीत, नुसत्या नेम चुकला की हसायच्या. त्या गेल्या, तरी काका येत राहिले. मुलानं परदेशातून पाठवलेले स्वतःचे बूट घालून खेळणारं तिथलं हे एकच गिऱ्हाईक. मध्यंतरी ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही एवढे फोटो काढता, माझा एक नीट काढाल का? एकट्याचा. पुढच्या मंगळवारी कोट घालून येतो. मागे हे दिवेबिवे नकोत."

मी कशासाठी म्हणून विचारलं.

"घरात असावा. मुलगा लांब, ऐन वेळी कुठे शोधत बसेल?"

बाबा, मला मार्केट यार्डातले ते दिवाणजी आठवले. सण नाही, लग्न नाही, नोकरीचा अर्ज नाही, आणि इस्त्रीचा सदरा घालून ते आपल्या स्टुडिओत येतात. एकट्याचा, मोठा फोटो हवा म्हणतात. तुम्ही त्यांना स्टुलावर बसवता, हनुवटी जरा वर करता, कॅमेऱ्यामागे जाता, बराच वेळ बघत राहता. मग म्हणता, "रोल संपलाय हो. उद्या या." मी कोपऱ्यात गृहपाठ करते आहे. "बाबा, सकाळीच तर नवा घातलाय!" तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवलात. "तोंड बंद ठेव." दुसऱ्या दिवशी दिवा गेला होता, तिसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. दर वेळी चहा, दर वेळी गप्पा, आणि एकदा दुकान बंद करून तुम्ही त्यांना त्यांच्या भावाकडे चालत सोडून आलात. जेवताना आईला म्हणालात, "ज्याला एकट्याच्या फोटोची घाई, त्याला तो देऊ नये." पुढे तेच दिवाणजी नातवाला घेऊन आले, तेव्हा रोल होता.

गेल्या मंगळवारी काका कोट घालून आले. पायात भाड्याचे बूट. स्वतःचे त्यांनी आल्या आल्या बाईंना देऊन टाकले होते, "कुणाच्या मापाचे असतील तर वापरा." मी कॅमेरा उचलला, खाली ठेवला आणि म्हणाले, "कार्ड भरलं हो काका. पुढच्या वेळी काढू." त्यांनी चष्मा लावला आणि वाकून पडदा पाहिला. "इथे तर अजून दोन हजार मावतील असं दाखवतंय. आकडे वाचण्यातच हयात गेली आमची." आताच्या कॅमेऱ्यात खोटं बोलायचीही सोय राहिलेली नाही. मी म्हटलं, मग मला काढायचाच नाही, चला, चहा घेऊ. ते बसले. "इथला चहा भिकार असतो," म्हणाले आणि अर्धा टाकून निघाले. मी सोडायला येते म्हटलं. "मला रस्ता माहीत आहे."

बाईंकडून मुलाचा नंबर मिळवून फोन केला. तो म्हणाला, "बाबांना फोटोचं खूळ लागलंय. काढून टाका ना एक, विषय संपेल."

उद्या मंगळवार. ते येतील म्हणून वाट बघत बसायचा धीर मला नाही. सकाळीच त्यांच्या घरी जाणार आहे. त्यांचे बूट मी बाईंकडून मागून आणलेत. कुणालाच होईनात, तुमचे तुम्हीच घाला, असं सांगीन. तुमच्या रोलइतकं चांगलं नाही, पण मला एवढंच सुचलं.

तुमचा मात्र एकट्याचा फोटो सापडलाच नाही. लग्नातल्या घोळक्यातून कापून घेतला. हाराखाली तुमच्या खांद्यावर अजून कुणाचा तरी हात आहे. आज दुपारी त्याच्याकडे बघत होते, म्हणून हे लिहायला घेतलं. पाठवायला पत्ता नाही, आणि खालचं वाचून तुम्ही काय म्हणाल याची भीतीही वाटते. काकांचा एक फोटो माझ्याकडे आधीपासूनच आहे, सगळ्या पिना पडल्यावर हसतानाचा. काल मी तो मोठा केला, मागचे दिवे पुसले, कडा कापल्या आणि चौकटीत बसवून पाहिला. चांगला बसतो, बाबा.